नवी गाडी घेताना कोटेशनची एकेक ओळ कशी वाचायची

जाहिरातीत गाडी साडेआठ लाखांची असते. कोटेशनवर ती दहा लाखांच्या पुढे जाते आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी आणखी पंधरा-वीस हजार मागितले जातात. पहिली गाडी घेणारी बरीच घरं "ऑन-रोड म्हटलं की एवढं लागणारच" असं म्हणून ते भरून टाकतात. मधल्या दीड लाखातले पुष्कळ पैसे खरोखर लागतात, पण सगळे लागत नाहीत. खरोखर लागणारे कुठले आणि नुसते मागितले जाणारे कुठले, हे शोरूममध्ये बसून कळत नाही, कारण तिथे चहा समोर असतो, मुलं गाडीत बसून बघत असतात आणि समोरचा माणूस भराभर आकडे सांगत असतो. म्हणून हे आधी घरी समजून घेतलेलं बरं.

या लेखात महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर नवी पेट्रोल गाडी घेणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला आहे. गोव्यात किंवा इतर राज्यांत रस्ता कराचे दर वेगळे असतात, बाकीचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

कोटेशनवरच्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: ही रक्कम शेवटी कोणाकडे जाते? सरकारकडे जाणाऱ्या रकमेत घासाघीस होत नाही, पण तिची सरकारी पावती मिळते. विमा कंपनीकडे आणि बँकेकडे जाणारी रक्कम भरावी लागते, पण कंपनी आणि बँक निवडायचा हक्क तुमचा असतो. उरलेली रक्कम शोरूमकडेच राहते, आणि ती कमी करून घेता येते किंवा सरळ नाकारता येते.

पायरी १: कोटेशन लेखी आणि फोड करून मागा

व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने लिहिलेला "१०.२० ऑन-रोड" हा आकडा कोटेशन नव्हे. डीलरच्या लेटरहेडवर, तारीख टाकलेलं, व्हेरियंट आणि रंग लिहिलेलं, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत दाखवलेलं कोटेशन मागा. "आरटीओ + विमा + इतर" अशी एकत्र ओळ असेल तर ती फोडून द्यायला सांगा. मोठा घोळ नेहमी "इतर" या शब्दात असतो.

त्याच कंपनीच्या निदान दोन डीलरांकडून कोटेशन घ्या. शेजारच्या जिल्ह्यातला डीलरही चालतो, पासिंग तुमच्या पत्त्यावरच होतं. दोन कोटेशनं शेजारी ठेवली की कोणाकडे कुठली ओळ जास्तीची आहे ते लगेच दिसतं. मला विचाराल तर सगळ्या प्रक्रियेतलं सर्वांत उपयोगाचं काम हेच, आणि त्याला खर्च काहीच नाही.

पायरी २: एक्स-शोरूम किमतीत काय काय आधीच आलेलं असतं

एक्स-शोरूम म्हणजे रस्ता कर, नोंदणी आणि विमा धरायच्या आधीची किंमत. तिच्यात जीएसटी धरलेला असतो. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणायचा खर्चही त्यातच असतो. कंपनीच्या वेबसाइटवर आपलं शहर आणि व्हेरियंट निवडून ही किंमत बघा आणि कोटेशनवरच्या आकड्याशी ताडून पाहा. तिथेच फरक दिसला तर पुढे वाचायच्या आधी त्याचा खुलासा मागा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवर १८ टक्के, त्याच लांबीच्या १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरही १८ टक्के, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के असे दर आले. पूर्वीचा २८ टक्के आणि वर उपकर हा हिशेब गेला. त्याआधीचे लेख किंवा व्हिडिओ बघून किमतीची तुलना करत असाल तर हे लक्षात असू द्या.

नंबर प्लेटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट कंपनीनेच द्यायची असते आणि तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते. कोटेशनवर "एचएसआरपी" म्हणून वेगळी रक्कम दिसली तर ती काढायला सांगा. पीयूसीची ओळ असेल तर तीही. नव्या गाडीला नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी प्रमाणपत्र लागतच नाही.

पायरी ३: सरकारी रकमा स्वतः मोजा

इथे कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर असा आहे: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, २० लाखांच्या वर १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांत १३, १४ आणि १५ टक्के. सीएनजीचे दर जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढून ८, ९ आणि १० टक्के झाले. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के कर लागतो, म्हणून व्यवसायाच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर आधी सीएशी बोला.

कराशिवाय केंद्राच्या नियमांतल्या काही फिया आहेत. हलक्या खासगी वाहनाची नोंदणी फी ६०० रुपये, स्मार्ट कार्ड आरसीचे (नोंदणी प्रमाणपत्राचे) २०० रुपये, आणि कर्ज घेतलं असेल तर आरसीवर बँकेचा बोजा चढवायचे १५०० रुपये.

आता साडेआठ लाखांच्या पेट्रोल गाडीचा हिशेब करू. ११ टक्क्यांनी कर ९३,५०० रुपये. नोंदणी, स्मार्ट कार्ड आणि बोजा मिळून २,३००. एकूण ९५,८००. त्यात उपकर आणि पोस्टाचा किरकोळ खर्च मिळवला तरी आकडा लाखाच्या आतच राहतो. कोटेशनवर "आरटीओ: १,०६,०००" लिहिलं असेल, तर वरचे आठ-दहा हजार कशाचे हे विचारायला हवं. "राउंड फिगर धरलीय साहेब, नंतर अॅडजस्ट करू" असं उत्तर मिळेल. त्यावर "सरकारी पावतीवर जितकी रक्कम असेल तितकीच घ्या, उरलेली परत करा" असं कोटेशनवरच लिहून घ्या. कर डीलर परिवहनच्या 'वाहन' पोर्टलवर भरतो आणि त्याची पावती निघते. ती पावती तुमच्या हातात यायलाच हवी.

"आरटीओ एजंट", "पासिंग चार्जेस", "फाइल चार्जेस" अशा नावांची एखादी ओळही बरेचदा असते. शोरूममधून विकल्या जाणाऱ्या पूर्ण तयार खासगी गाडीला आता आरटीओत नेऊन तपासून घ्यावं लागत नाही. कागद शोरूममधूनच ऑनलाइन चढतात. मग आरटीओत नेण्या-आणण्याचे पैसे कशाचे?

दहा लाखांच्या आसपास किंमत असेल तर एक गोष्ट नीट बघा, कारण ती फार जणांच्या लक्षात येत नाही. कराचा दर पूर्ण किमतीला लागतो. ९,९५,००० च्या गाडीला ११ टक्क्यांनी १,०९,४५० रुपये कर होतो. १०,०५,००० च्या गाडीला १२ टक्क्यांनी १,२०,६०० होतो. म्हणजे किमतीत फरक दहा हजारांचा, आणि करात आणखी ११,१५० चा. शिवाय १० लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस, म्हणजे तुमच्या नावाने आयकर खात्यात भरायचा आगाऊ कर घेतो, इथे १०,०५० रुपये. एका अॅलॉय व्हीलसाठी किंवा सनरूफसाठी वरचं व्हेरियंट घेताना हा जोड धरूनच विचार करा.

टीसीएस मात्र बुडीत खर्च नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कराच्या नोंदीत दिसतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. त्यासाठी पॅन बरोबर दिलेला असावा आणि बिलावर टीसीएस वेगळा दाखवलेला असावा. घरातल्या वयस्कर माणसाच्या नावावर गाडी घेतली आणि त्यांनी विवरणपत्र भरलंच नाही, तर हे दहा-पंधरा हजार तसेच पडून राहतात.

आवडीचा नंबर हवा असेल तर त्याची फी वेगळी आणि ऐच्छिक. बदलीच्या नोकरीत असाल तर बीएच मालिकेची (राज्य बदललं तरी पुन्हा नोंदणी न लागणाऱ्या नंबराची) चौकशी करा, तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. आणि कोणी "दुसऱ्या राज्यात पासिंग करून घ्या, कर वाचेल" असा सल्ला दिला तर तो ऐकू नका. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इथे ठेवली की इथे नोंदणी करून इथला कर भरावाच लागतो, आणि तोपर्यंत दर नाक्यावर प्रश्न विचारले जातात.

पायरी ४: विमा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात, म्हणून इथे थोडं थांबू.

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून हे लागू झालं. याचा हप्ता सरकार ठरवतं, कंपनीगणिक बदलत नाही. जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे तीन वर्षांसाठी १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यावर २४,५९६. यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे मधल्या गटातल्या गाडीला साधारण १२,५५५ रुपये. दर बदलले तरी सगळ्या कंपन्यांना एकच दर लागतो, त्यामुळे या भागात महाग-स्वस्त असं काही नसतं.

फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, म्हणजे ओन डॅमेजमध्ये. तो एक वर्षाचा घेतला तरी चालतो. "तीन वर्षांचा घ्यावाच लागतो" असं सांगितलं तर ते थर्ड पार्टीबद्दल खरं आहे, ओन डॅमेजबद्दल नाही. शोरूमने दिलेला विम्याचा आकडा आणि त्याच कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः काढलेला आकडा यांत बरेचदा हजारोंचा फरक असतो, कारण शोरूमला विमा विकण्याचा मोबदला मिळतो. मोबदला मिळणं गैर नाही. पण अमुक कंपनीचाच विमा घ्या, अशी सक्ती शोरूमला करता येत नाही. विमा नियामक इर्डाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांखाली वाहन विक्रेते विमा विकतात आणि त्यांतही निवड ग्राहकाचीच आहे.

तुलना करताना तीन गोष्टी सारख्या ठेवा: गाडीची विमा रक्कम म्हणजे आयडीव्ही, जादा पैसे भरून घ्यायची कव्हरं म्हणजे अॅड-ऑन, आणि मुदत. नव्या गाडीची आयडीव्ही साधारण कंपनीच्या किमतीच्या ९५ टक्के असते. कोणी हप्ता फार कमी सांगितला तर आधी आयडीव्ही बघा, तीच खाली ओढलेली असण्याचा संभव जास्त. अॅड-ऑनमध्ये माझ्या मते झीरो डेप्रिसिएशन (दाव्यात सुट्या भागांची घसारा कापून न घेणारं कव्हर) पहिली पाच वर्षं घ्यावंच. रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाइतकी रक्कम देणारं कव्हर) सुरुवातीची तीन वर्षं परवडत असेल तर घ्यावं. मुंबई-ठाण्यात, कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यात किंवा जिथे पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं अशा भागात राहत असाल, तर इंजिन प्रोटेक्ट सोडू नका. पाण्यात इंजिन बंद पडल्यावर पुन्हा सुरू करायला गेलं आणि आत पाणी शिरून इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत तो दावा बहुधा नाकारला जातो. किल्ली हरवल्याचं आणि सामानाचं कव्हर नसलं तरी चालतं.

मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही कोटेशनमध्ये असतो. तो कायद्याने लागतो, पण तुमच्याकडे आधीच दुसऱ्या गाडीवर किंवा स्वतंत्रपणे १५ लाखांचं तसं कव्हर असेल तर परत घ्यायची गरज नाही. तसं लेखी सांगितलं की ओळ निघते.

जुनी गाडी विकून नवी घेत असाल तर नो क्लेम बोनस विसरू नका. सलग पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून एनसीबी पत्र घ्या आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यात तेवढी सूट लावून घ्या. ते पत्र तीन वर्षं चालतं. एक्स्चेंजमध्ये गाडी देताना शोरूम हे आपणहून सांगेलच असं नाही.

बाहेरून विमा घेतो म्हटलं की दोन उत्तरं ठरलेली. पहिलं, "मग कॅशलेस मिळणार नाही." कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर भरणं, हे ते वर्कशॉप विमा कंपनीच्या यादीत आहे की नाही यावर ठरतं आणि ती यादी कंपनीच्या वेबसाइटवर असते. दुसरं, "मग डिस्काउंट मिळणार नाही." हा प्रश्न खरा अडचणीचा आहे. एक वस्तू घेतली तरच दुसरी देऊ, अशी अट ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये प्रतिबंधक व्यापार प्रथा ठरते, हे शांतपणे सांगा. तरीही ऐकलं नाही तर एकूण बेरीज करून बघा. विम्यात बारा हजार वाचले आणि डिस्काउंट वीस हजारांचा गेला, तर भांडण जिंकून तोटा होतो. अशा वेळी दुसऱ्या डीलरचं कोटेशन उपयोगी पडतं.

बाहेरून विमा काढायला चासी नंबर आणि इंजिन नंबर लागतात. काही ठिकाणी ते अगदी शेवटच्या दिवशी दिले जातात, म्हणजे तुलना करायला वेळच उरत नाही. गाडी अलॉट झाल्याच्या दिवशीच दोन्ही नंबर देऊ, हे बुकिंगच्या वेळी लिहून घ्या.

पायरी ५: शोरूमकडे राहणाऱ्या ओळी

हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक चार्जेस, डेपो चार्जेस, सर्व्हिस चार्जेस. नावं निरनिराळी, रक्कम चार-पाच हजारांपासून वर. खरेदीदाराकडून "हँडलिंग" नावाची फी घ्यावी असं कुठल्याही मोटार वाहन नियमात नाही. गाडी शोरूमपर्यंत आणून तयार ठेवण्याचा मोबदला डीलरला त्याच्या मार्जिनमधून मिळतो आणि ते मार्जिन एक्स-शोरूममध्ये आहे. ग्राहक आयोगांनी ही रक्कम परत करायला लावल्याचीही उदाहरणं आहेत. तेव्हा ही ओळ काढायला सांगताना संकोच करू नका. "याची वेगळी पावती जीएसटीसह, कशाची सेवा ते लिहून द्याल का?" एवढं विचारलं तरी बरेचदा ओळ नाहीशी होते.

अॅक्सेसरीजचं "बेसिक किट" किंवा "एसेन्शियल किट" वीस-पंचवीस हजारांचं असतं आणि ते आधीच बेरजेत धरलेलं असतं. त्यात मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर, परफ्यूम असं काहीबाही. एकेका वस्तूची किंमत मागा आणि हव्या त्याच घ्या. मॅट आणि मडफ्लॅप बाहेर बाजारात चांगले मिळतात. कॅमेरा, म्युझिक सिस्टिम किंवा दिवे अशी वायरिंगला हात लावणारी वस्तू मात्र कंपनीच्या डीलरकडूनच बसवा. बाहेर वायर कापली गेली तर त्या भागाची वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं. टेफ्लॉन आणि अंडरबॉडी कोटिंगसाठी नव्या गाडीवर पैसे घालायची मला तरी गरज वाटत नाही. कोकण किनाऱ्यावर, खाऱ्या हवेत गाडी उघड्यावर उभी राहणार असेल तर अंडरबॉडीचा विचार करावा.

एक्स्टेंडेड वॉरंटी उपयोगी असते, पण ती कंपनीची आहे की डीलरने कुठल्या तिसऱ्याच संस्थेची लावली आहे हे बघा. कंपनीची असेल तर कुठल्याही गावच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. आणि ती डिलिव्हरीच्याच दिवशी घ्यावी लागते असं नाही, बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत घेऊ देतात. रोडसाइड असिस्टन्स कोटेशनमध्ये दोनदा येतो, एकदा विम्याच्या अॅड-ऑनमध्ये आणि एकदा कंपनीच्या पॅकेजमध्ये. एक काढा.

फास्टॅग नव्या गाडीवर लावूनच मिळतो. त्याची जी रक्कम घेतात तिच्यात टॅगची किंमत, परत मिळणारी अनामत आणि वापरता येणारी शिल्लक असे तीन भाग असतात. कुठल्या बँकेचा टॅग आहे आणि शिल्लक किती आहे ते विचारून घ्या.

पायरी ६: कर्ज

शोरूममधला बँकेचा माणूस फक्त मासिक हप्ता सांगतो. तुम्ही व्याजदर विचारा, आणि तो फ्लॅट (पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर) आहे की रिड्युसिंग (घटत्या शिलकीवर) हेही विचारा. पाच लाख, पाच वर्षं, ७ टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता ११,२५० रुपये. ऐकायला ७ टक्के स्वस्त वाटतं. पण घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच हप्ता जवळपास १२.५ टक्के दराचा होतो. फ्लॅट दराने सांगितलेल्या कर्जाची बँकेच्या घटत्या दराशी तुलना करणारे लोक इथेच फसतात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किरकोळ कर्जांसाठी की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं. त्यात प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचे पैसे, विमा असं सगळं धरून वार्षिक टक्केवारी लिहिलेली असते. सही करायच्या आधी तो कागद मागा आणि दोन बँकांचे कागद शेजारी ठेवा. कर्जासोबत गळ्यात घातलेला जीवन विमा त्यात दिसून येतो, आणि तो ऐच्छिक असतो. कर्ज मुदतीआधी फेडायचं झालं तर काय आकार लागेल, तेही त्याच वेळी विचारा. गाडीची कर्जं बहुधा स्थिर दराची असतात आणि त्यांच्यावर हा आकार लागतो.

आपलं खातं ज्या बँकेत किंवा पतसंस्थेत आहे तिथे आधी चौकशी करून मंजुरीचा आकडा खिशात ठेवला, तर शोरूममध्ये बोलताना जोर येतो.

पायरी ७: डिस्काउंट कुठे दिसतो ते बघा

डिस्काउंटचे प्रकार बरेच: कंपनीचा, डीलरचा, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट. प्रत्येक वेगळा लिहून घ्या. "पन्नास हजारांचा फायदा" यात तीस हजारांच्या अॅक्सेसरीज फुकट धरलेल्या असतात, आणि त्या अॅक्सेसरीजची किंमत डीलरनेच ठरवलेली असते. रोख सूट आणि वस्तूंतली सूट यांत नेहमी रोख सूट निवडा, आणि ती अंतिम बिलावर उतरलेली बघा. एक्स्चेंजमध्ये बोनस मोठा दाखवून जुन्या गाडीची किंमत पाडतात, म्हणून जुन्या गाडीला बाहेर किती मिळतात हे आधी माहीत करून घ्या.

"कंपनीच आम्हाला जास्त डिस्काउंट देऊ देत नाही" हे वाक्य कानावर येईल. डीलरांनी द्यायच्या सवलतीवर मर्यादा घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता आणि कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं. त्यामुळे ते उत्तर शेवटचं मानायचं कारण नाही.

मोठी सूट ऐकली की गाडी कुठल्या महिन्यातली आहे ते विचारा. डिसेंबरात मिळणारी घसघशीत सूट बरेचदा काही महिन्यांपूर्वी बनलेल्या गाडीवर असते. आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेलं राहतं आणि पुढे विकताना किंमत त्यावरूनच ठरते. दहा वर्षं वापरायची असेल तर जुना स्टॉक घ्यायला हरकत नाही, फक्त त्याची सूट पुरेशी हवी.

पायरी ८: बुकिंग आणि पैसे भरणं

बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील" असं असतं. किंमत वाढली तर तुमच्या माथी, कमी झाली तर मात्र फायदा मिळायला हवा, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला तेव्हा अशा फायद्याचा हक्क बिल आणि गाडी दोन्ही न मिळालेल्यांना होता. बुकिंग रद्द केलं तर किती कापणार आणि किती दिवसांत परत करणार, हे फॉर्मवर हाताने लिहून सही-शिक्का घ्या. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा यांच्या तोंडावर बुकिंग करू नका. मुहूर्ताची तारीख गाठायची घाई असली की माणूस काहीही भरायला तयार होतो. निदान महिना-दीड महिना आधी सगळं लिहून पक्कं करा आणि गाडी मुहूर्तावर आणा.

पैसे कायम डीलरशिपच्या खात्यात भरा. सेल्समनच्या वैयक्तिक नंबरवर यूपीआय करायचं नाही, रक्कम पाचशेची का असेना. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्यात मनाई आहे, तेव्हा "रोख दिलीत तर बघू" या बोलण्यात अडकू नका.

पायरी ९: डिलिव्हरीआधी

नोंदणी होण्यापूर्वी यार्डात जाऊन गाडी बघायला मागा. एकदा तुमच्या नावावर नोंदणी झाली की बदलून मिळणं फार अवघड. दिवसा उजेडात रंग बघा, मीटरवरचे किलोमीटर बघा, चासी नंबर कागदाशी जुळवा, चारही टायरवरचा, टायर कुठल्या आठवड्यात आणि वर्षी बनला ते सांगणारा चार अंकी आकडा वाचा.

गाडी घेताना हातात हे कागद असावेत: जीएसटी बिल, रस्ता कराची व फीची पावती, विम्याची पॉलिसी, वॉरंटीचे कागद, दोन्ही किल्ल्या. बिलावरची रक्कम, पावत्यांवरच्या रकमा आणि तुम्ही भरलेली एकूण रक्कम यांची बेरीज तिथेच टेबलावर जुळवा. सर्वांत जास्त विसरलं जाणारं काम हे आहे. आरटीओच्या नावाखाली जास्त घेतलेले चार-सहा हजार याच वेळी परत मिळतात. घरी गेल्यावर त्यासाठी दहा फोन करावे लागतात. नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

पायरी १०: जास्त पैसे घेतलेच असतील तर

आधी डीलरशिपच्या मॅनेजरला ईमेल करा आणि प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा. कोटेशन, बिल आणि पावत्या जोडा, फरकाची रक्कम आकड्यात लिहा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. रक्कम लहान असली तरी कंपन्या तिथल्या तक्रारींना उत्तर देतात. विम्याची तक्रार विमा लोकपालाकडे आणि कर्जाची रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते.

त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला म्हणून भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते. भरलेली रक्कम पाच ते दहा लाखांत असेल तर फी २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. वकील लावायची सक्ती नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी. अर्ज कसा लिहायचा हे उमगत नसेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. मुंबई, पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी ते काम करतात आणि कागद बघून मार्ग दाखवतात. जाताना पहिल्या दिवशी मिळालेलं कोटेशन बरोबर न्या, कारण तुम्हाला काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात काय घेतलं, हे त्यावरूनच सिद्ध होतं.